खासगी नोकरी

गेल्या दिवाळीत माझा लग्नाचा बायोडेटा तयार झाला. वर गणपती, खाली उंची, रक्तगट, शिक्षण बी. ई. (कॉम्प्युटर), पगार, नाशिकला इंदिरानगरमध्ये स्वतःचा टू-बीएचके. कुटुंबाची माहिती वडिलांनी स्वतः टाइप केली. आजोबांच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'मुंबई येथे खासगी नोकरी.'

आजोबा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. १९६२ ते १९८९, सत्तावीस वर्षं. सिन्नर तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून ते गेले. पावसाळ्यात घोड्यांबरोबर पुण्याला आणि दिवाळीच्या सुमारास परत मुंबईला, अशा फेऱ्या त्यांनी केल्या. तबेल्यात घोड्याच्या शेजारी झोपले आणि त्या पगारातून माझ्या वडिलांना नाशिकला ठेवून शिकवलं.

"मोतद्दार असं सरळ लिहिलं तर काय होईल?" मी विचारलं.

"लोक म्हणतील रेसवाल्यांचं घर आहे," वडील म्हणाले. "रेस म्हटलं की लोकांना एकच कळतं."

हा लेख त्या 'एकच'च्या विरोधात आहे. आणि थोडा माझ्याही विरोधात आहे, ते पुढे येईलच.

मराठी मध्यमवर्गाच्या घरात 'रेस' हा शब्द एकाच गोष्टीत येतो. कुणाचे तरी काका असतात, गिरणीत किंवा बँकेत नोकरीला असतात, शनिवार-रविवारी महालक्ष्मीला जातात आणि एक दिवस चाळीतली खोली जाते. ही गोष्ट खोटी नाही. अशी माणसं होती, त्यांच्या बायकांचे दागिनेही गेले. पण या गोष्टीत एक गंमत आहे. तिच्यात घोडा कुठेच नसतो. घोडा तयार करणारा माणूस तर नसतोच. दोन शतकं मुंबई-पुण्यात शर्यती होताहेत. १९४३पासून इंडियन डर्बी होते आहे. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे असे जॉकी याच मातीतले. तरीही आपल्या बोलण्यात या सगळ्याचं काय उरलं, तर एका काकांची खोली.

बरं, जुगाराचा आपल्याला खरोखर तिटकारा असता तर मी गप्प बसलो असतो. माझे वडील निवृत्तीनंतर मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन 'खेळतात'. क्रियापद त्यांचंच आहे. सोसायटीच्या ग्रुपवर आयपीएलच्या दिवसांत काल्पनिक संघ लावणाऱ्यांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते. त्यांच्यापैकी कुणाच्या बायोडेटात कुणी काही लपवलेलं मला माहीत नाही. म्हणजे अडचण पैजेची नाही. अडचण तबेल्याच्या वासाची आहे.

आता माझ्याबद्दल. इंजिनिअरिंगनंतर पहिली दोन वर्षं मी पुण्यातल्या एका कंपनीत होतो. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या पत्त्यांचं ॲप होतं. माझ्याकडे जे काम होतं त्याला तिथे 'रिटेन्शन' म्हणत. माणूस सलग तीन डाव हरला आणि ॲप बंद करून गेला, की किती मिनिटांनी त्याला निरोप पाठवायचा, त्यात किती रुपयांचा बोनस दाखवायचा, रात्री अकराला पाठवला तर जास्त लोक परत येतात की साडेबाराला, हे मोजणारा कोड मी लिहीत होतो. साडेबाराला जास्त येतात. हरलेला, दमलेला माणूस झोपण्याआधी एकदा परत येतो.

ही नोकरी मात्र माझ्या बायोडेटात होती. 'सॉफ्टवेअर इंजिनिअर, नामांकित कंपनी.'

पुढचा भाग मला अजून पचत नाही. ही सगळी ॲप्स ज्या कायदेशीर आधारावर उभी होती, त्यातला एक मोठा खांब घोड्यांच्या शर्यतीचा होता. १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात निकाल दिला, की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही. का? तर घोड्याचं कूळ, त्याची तालीम, जॉकीची हातोटी, यांवर निकाल ठरतो. म्हणजे पहाटे चारला उठणाऱ्या माणसांच्या कामाला न्यायालयाने कौशल्य म्हटलं. पुढे तोच दाखला देत ऑनलाइन खेळांच्या कंपन्या न्यायालयांत उभ्या राहिल्या, 'आमचाही कौशल्याचाच खेळ आहे' म्हणत. कौशल्य तबेल्यातलं, त्यावर धंदा एसी ऑफिसातला.

सरकारनेही मग सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं. ऑक्टोबर २०२३पासून कॅसिनो, घोड्यांची शर्यत आणि ऑनलाइन गेमिंग, तिघांवर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. सप्टेंबर २०२५मध्ये तो ४० टक्के झाला. त्याआधी ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानेच बंदी आली. मी तोवर ती कंपनी सोडली होती. तिथले माझे मित्र दोन-तीन महिन्यांत दुसरीकडे लागलेही. कोड कुठेही चालतो. मोतद्दाराचा हात कुठेही चालत नाही.

म्हणून विचारतो, की हे कौशल्य म्हणजे नक्की काय? त्यासाठी एका ट्रेनरबद्दल बोलायला हवं.

रशीद बैरामजी हे भारतीय शर्यतीतलं सगळ्यात मोठं नाव. ट्रेनर म्हणून १२ इंडियन डर्बी. शर्यतीच्या बाहेरच्या वाचकाला या आकड्याचं वजन कळणार नाही, म्हणून सांगतो. इंडियन डर्बी ही २४०० मीटरची शर्यत फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. घोड्याच्या आयुष्यात ती एकदाच येते, फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या एका रविवारी, आणि अडीच मिनिटांच्या आसपास संपते. त्या दिवशी घोड्याला खोकला असेल तर पुढच्या वर्षी बघू म्हणता येत नाही. शिंगरू तबेल्यात येतं तेव्हापासून, दोन-अडीच वर्षं, ट्रेनर त्या एका दुपारकडे बघत असतो. हे ज्याला बारा वेळा जमलं, त्याला नशीबवान म्हणणं हा गणिताचा अपमान आहे.

बैरामजींचा सगळ्यात गाजलेला घोडा स्क्वाँडरर. १९७३चा जन्म, १९ शर्यती, १८ विजय. आजोबांनी त्याला धावताना पाहिलं होतं. त्यांच्या तबेल्याचा नव्हता, त्यामुळे हेव्याने पाहिलं होतं. त्याच्याबद्दल बोलताना सगळे अठरा म्हणतात. मी इंजिनिअर आहे, मला खालचा आकडा दिसतो. एकोणीस.

इतका घोडा हाताशी असताना फक्त एकोणीस वेळा पळवला. मालकाला दर पंधरवड्याला बक्षीस हवं असतं, पब्लिकला आवडता घोडा बघायचा असतो, क्लबाला गर्दी हवी असते. या सगळ्यांना 'आज नाही' म्हणणं, हे ट्रेनरचं अर्धं काम आहे. त्याचे जिंकलेले दिवस यादीत येतात. न पळवलेले दिवस कुठल्याच यादीत येत नाहीत, आणि जिंकणं त्या दिवसांतूनच येतं.

'आज नाही' हे कशावरून ठरतं? घोडा बोलत नाही. साडेचारशे-पाचशे किलोचं शरीर आपल्या मनगटापेक्षा फार जाड नसलेल्या नळ्यांवर तोललेलं असतं. स्वस्थ उभा असताना हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, पळताना दोनशेच्या वर जातं. त्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. उलटी करता येत नाही, त्यामुळे साधं पोट बिघडलं तरी जीव जाऊ शकतो. अशा प्राण्याची तब्येत ओळखायची तर खुणा लहान असतात. रात्रीच्या बादलीत दाणा किती उरला. पाणी किती प्यायला. खरारा करताना कुठल्या बाजूला अंग चोरलं. थानात उभा राहताना कुठला पाय हलका ठेवला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळीच्या मागच्या शिरेवरून पंजा खाली नेताना हाताला गरम लागलं का. ही ऊब लंगडण्याच्या कितीतरी आधी येते. तिथे थांबला तर घोडा वाचतो. नाही थांबला तर शीर जाते आणि घोडा संपतो.

आता सांगा, हे सगळं पहिल्यांदा कुणाला कळतं? ट्रेनरकडे पन्नास-साठ घोडे असतात. आजोबांकडे दोन असायचे.

इथे माझं दुसरं भांडण सुरू होतं, ते रेसच्या चाहत्यांशी. रेसला नाक मुरडणारे घोडा विसरतात, तसे रेसवर प्रेम करणारे मोतद्दार विसरतात. मोठ्या ट्रेनरबद्दल लिहिताना त्यांचे ठरलेले शब्द असतात. जादूगार, परीस, घोड्यांची भाषा कळणारा. मला हे शब्द ट्रेनरचाच अवमान करणारे वाटतात. जादू म्हटलं की काम दिसेनासं होतं. बैरामजींची कर्तबगारी घोड्याची भाषा कळण्यात असेलच. पण बारा वेळा डर्बी जिंकणारा तबेला म्हणजे शंभरेक माणसांच्या हातांवर विश्वास ठेवायची एक व्यवस्था असते. खालून वर खबर न अडखळता पोचते की नाही, यावर ती उभी राहते किंवा पडते. पेसी श्रॉफ यांचं उदाहरण घ्या. जॉकी म्हणून शंभरावर क्लासिक शर्यती जिंकून ते उतरले, मग ट्रेनर झाले आणि २०१०मध्ये त्यांच्या तबेल्यातली जॅकलिन ही घोडी इंडियन डर्बी जिंकली. पाठीवर बसून जे कळायचं ते जमिनीवर उभं राहून कसं कळणार? कुणीतरी सांगितल्याशिवाय कळणार नाही. वर्षानुवर्षं जिंकणारा ट्रेनर म्हणजे ऐकणारा माणूस, असं माझं म्हणणं आहे.

रेसचं पुस्तक उघडून बघा. प्रत्येक घोड्यापुढे मालकाचं नाव असतं, ट्रेनरचं असतं, जॉकीचं असतं, वजन असतं, घोड्याच्या बापाचं आणि आईचंही नाव असतं. मोतद्दाराचं नसतं. मराठ्यांच्या फौजेत निदान शिलेदार आणि बारगीर असे दोन शब्द होते, एक स्वतःच्या घोड्याचा आणि एक सरकारी घोड्याचा. अटकेपर्यंतचे घोडे आपण अजून मिरवतो. त्या घोड्यांना रोज रात्री दाणा कुणी घातला, हे तेव्हाही कुणी लिहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, सगळं ठीक, पण घोड्यांचे हाल? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि मी टाळणारही नाही. चाबूक खरा आहे. पाय मोडलेल्या घोड्याला ट्रॅकवरच पडदा लावून मारावं लागतं, हेही खरं आहे. फक्त एक आठवण करून देतो. बैलगाडा शर्यतीवर २०१४मध्ये बंदी आली तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने कायदा उचलून धरला, तेव्हा गुलाल उधळला. तिथे बैलाला कळवळणाऱ्यांना आपण शहरी म्हणून हसलो. घोडा आला की आपणच शहरी होतो. प्राण्याचा कळवळा प्राण्याच्या मालकाची जात-वर्ग बघून येत असेल तर तो कळवळा नव्हे.

पण यावर माझ्याकडे आणखी एक उत्तर आहे आणि ते आजोबांचं आहे.

मी आठवी-नववीत असेन. पंचवटीत एका नातेवाइकाच्या लग्नाची वरात होती. नवरदेवाची घोडी सजवून उभी होती, बँडवाले जुळवाजुळव करत होते. आजोबा काठी माझ्या हातात देऊन सरळ घोडीपाशी गेले, वाकले आणि तिच्या पुढच्या डाव्या पायावरून हात खाली नेला. मग घोडेवाल्याला म्हणाले, "हिचा पाय गरम आहे. आज हिला नाचवू नको." तो हसला. आजोबांचा आवाज चढला. "नाचवू नको म्हणतोय ना!" सगळी वरात बघायला लागली. वडील पुढे झाले, "आप्पा, चला," म्हणत त्यांना ओढून बाजूला नेलं. घरी परतताना रिक्षात कुणी बोललं नाही.

त्या रात्री आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली. पुण्याचा सीझन होता, पावसाचे दिवस. त्यांच्याकडच्या एका घोड्याचा पाय शर्यतीच्या दोन दिवस आधी त्यांना गरम लागला. त्यांनी जमादाराला सांगितलं. जमादाराने वर सांगितलं की नाही, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मालक बाहेरगावचे पाहुणे घेऊन येणार होते. घोडा पळवला. शेवटच्या वळणावर त्याने पाय टाकला. "आवाज आला," आजोबा म्हणाले, "एवढ्या गर्दीत मला आवाज आला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी ट्रेनरसाहेबांकडे स्वतः जायला पाहिजे होतं. माझी हिंमत झाली नाही."

ते ज्या ट्रेनरकडे होते त्याचं नाव चॅम्पियन म्हणून कुठे लागलं नाही. मी ते नाव लिहीत नाही. चूक त्याची किती, जमादाराची किती, मालकाची किती, हे मला ठरवता येणार नाही. पण एवढं कळतं की घोडा मरतो तेव्हा तो नेहमी शर्यतीनेच मरत नाही. खाली कळलेली गोष्ट वर पोचत नाही, तिथेही तो मरतो. आणि म्हणूनच मोठ्या ट्रेनरचा वारसा मोजायचा तर करंडकांच्या कपाटासमोर उभं राहून मोजता येणार नाही. त्याच्या तबेल्यात मोतद्दाराला 'आज नाही' म्हणायची हिंमत होत होती का, हे विचारावं लागेल. स्क्वाँडररच्या पायावरून रोज रात्री कुणाचा हात फिरत होता, त्या हाताचं कितीदा ऐकलं गेलं, हे विचारावं लागेल. एकोणीस हा आकडा एकट्या माणसाने ठरवलेला असेल यावर माझा विश्वास नाही.

आता ते विचारायला फार वेळ उरलेला नाही. महालक्ष्मीच्या जागेचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३मध्ये संपला, दहा वर्षं वाद चालला आणि २०२४मध्ये वाटणी ठरली. सुमारे १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी, ९१ एकर क्लबाकडे. मुंबईला मोकळी जागा हवीच, उद्यानाला माझा विरोध नाही. पण त्या दहा वर्षांचा वाद आठवून बघा. एका बाजूला श्रीमंतांचा क्लब, दुसऱ्या बाजूला सामान्य नागरिक, अशीच मांडणी होती. तबेल्यात झोपणारा माणूस कुणाच्या बाजूचा? तो श्रीमंत नव्हता आणि त्याला कुणी नागरिकही धरलं नाही. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत घोडे सांभाळले, त्यांतले जे उरलेत ते आता ऐंशीच्या घरात आहेत. सिन्नर-संगमनेरच्या, सातारा-सोलापूरच्या गावांत ओट्यावर बसलेले असतील आणि त्यांच्या मुलांनी कुठेतरी 'खासगी नोकरी' लिहिलं असेल.

आपण लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी त्यांना गाठावं, एवढंच मागणं आहे. बैरामजींसारख्यांची कारकीर्द इंग्रजी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांत कुठेतरी आहे. ती मराठीत यावी. पण तेवढ्यावर थांबू नये. बादलीत उरलेल्या दाण्यावरून काय ओळखायचं, मुंबईहून पुण्याला आलेला घोडा किती दिवसांत रुळतो, पहिल्यांदा फाटकात उभं राहायला घाबरणाऱ्या शिंगराला कसं समजवायचं, हे त्या माणसांच्या तोंडून, त्यांच्या शब्दांत उतरून घ्यावं. मी आजोबांकडून घेतलं नाही. ते २०१२मध्ये गेले. माझ्याकडे तेव्हा मोबाइल होता, त्यात रेकॉर्डर होता. मी त्यावर गेम खेळत होतो.

या कामात माझा स्वार्थही आहे, तो लपवत नाही. दोन वर्षं मी दमलेल्या माणसाला परत पळायला लावायचा कोड लिहिला. ऑफिसात मला कळत होतं काय चाललंय ते. माझ्याकडे आकडे होते, आजोबांकडे फक्त तळहात होता. मीही जमादारापलीकडे गेलो नाही. एकदा टीम-लीडला म्हणालो, "हे जरा जास्तच होतंय का?" तो म्हणाला, "आकडे छान आहेत." मी जागेवर जाऊन बसलो.

मागच्या महिन्यात मी बायोडेटाची फाइल उघडली आणि 'मुंबई येथे खासगी नोकरी' खोडून 'मोतद्दार, महालक्ष्मी रेसकोर्स, मुंबई (१९६२-१९८९)' असं लिहिलं. माझ्या पहिल्या नोकरीपुढचं 'नामांकित' काढून ॲप कशाचं होतं तेही लिहिलं. वडील चार दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोतद्दार राहू दे. पण ते पत्त्यांचं तरी काढ."

मी दोन्ही ठेवलं आहे. परवा एका स्थळाकडून फोन आला. मुलीचे वडील चौकशी करत होते. शेवटी जरा अडखळत त्यांनी विचारलं, "आजोबा रेसकोर्सवर म्हणजे... घोड्यांकडे होते का?"

"हो," मी म्हणालो, "घोड्यांकडेच."

पत्त्यांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.